वाकड्या पायांचं क्रियापद

घरात कप फुटला की आपण काय म्हणतो, जरा आठवून पाहा. "आई, कप फुटला!" दूध सांडलं, पेन हरवलं, वही फाटली, बस चुकली. जणू कप बशीत बसून बसून कंटाळला आणि त्यानं आपणहून फरशीवर उडी घेतली! "आई, मी कप फोडला" असं म्हणत आत येणारा मुलगा मी तरी अजून पाहिलेला नाही. आणि मुलांनाच कशाला बोल लावायचा? मोठी माणसंसुद्धा "जरा उशीर झाला" म्हणतात, "मी उशीर केला" म्हणत नाहीत. आपल्या मराठीनं ही एक मागची खिडकी उघडी ठेवलेली आहे. वाक्यातून करणारा माणूस त्या खिडकीतून हळूच पसार होतो आणि मागे उरतो तो नुसता फुटलेला कप.

त्या खिडकीतून मीही एकदा पळालो होतो. पकडला गेलो तो एका इंग्रजी क्रियापदामुळे. शब्द तसा क्वचित भेटणारा. शाळेच्या कुठल्याच धड्यात तो मला भेटला नव्हता, आणि पुढेही फारसा कुणाच्या तोंडी ऐकला नाही. पण गेली जवळजवळ पन्नास वर्षं तो माझ्या मागे लागलेला आहे. म्हणून म्हटलं, आज त्याची ओळख तुम्हालाही करून द्यावी.

१९७६ सालची गोष्ट. मी नववीत होतो. मार्च उजाडला होता, वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. भूगोलाच्या तासाला बाईंनी आम्हा दोघांना, मला आणि माझ्या बाकावरच्या जोडीदाराला, हेडसरांच्या खोलीतून पृथ्वीगोल आणायला पाठवलं. आमच्या शाळेत पृथ्वीगोल एकच. तो हेडसरांच्या कपाटावर एखाद्या देवासारखा बसवलेला असे. जोडीदार म्हणाला, "मी धरतो, तू नुसता दारं उघड." पण मला राहवेना. व्हरांड्यात आल्यावर मी तो गोल त्याच्या हातून घेतला आणि बोटानं गर्रकन फिरवला. एकदा हिंदुस्थान गेला, एकदा अमेरिका गेली, पुन्हा हिंदुस्थान आला... आणि तिसऱ्या फेरीला गोल स्टँडसकट हातातून निसटला.

पुठ्ठ्याचा गोल तो. दोन अर्धे भाग विषुववृत्तावर चिकटवलेले. बरोबर तिथंच तो उकलला. आफ्रिकेच्या पोटातून आरपार भेग गेली आणि आत चक्क पोकळी दिसायला लागली. (पृथ्वी आतून पोकळ असते की भरीव, हा प्रश्न भूगोलात मला त्या दिवसापासून कधी चुकला नाही!) आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जोडीदारानं काही न बोलता दोन्ही अर्धे दाबून जुळवले, गोल उचलला, वर्गात नेला आणि भेग भिंतीकडे करून टेबलावर ठेवला. बाई अजून यायच्या होत्या. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागलो.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंनी गोल फिरवला, आणि दक्षिण गोलार्ध त्यांच्या हातात आला.

हेडसर वर्गात आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "गोल टेबलावर कोणी ठेवला?"

मी उभा राहिलो आणि जोडीदाराचं नाव सांगितलं. "सर, यानं ठेवला."

"तू काय करत होतास?"

"मी फळा पुसत होतो, सर."

यातलं एक अक्षर तरी खोटं होतं का, सांगा पाहू! गोल त्यानंच ठेवला होता. फळा मीच पुसत होतो. हवं तर शपथ घातली असती तरी मी तेच बोललो असतो. जोडीदारानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो काहीच बोलला नाही. हेडसरांना ते कबुलीसारखं वाटलं असणार. २५ रुपये भरपाई लागू झाली. आज पंचवीस रुपये म्हटलं की तुम्हाला हसू येईल, पण त्याचे वडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात. पुढचे चार दिवस त्याची जागा रिकामी होती. पाचव्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या हातांना काकवीचा वास येत होता आणि उजव्या मनगटावर भाजल्याचा लालभडक डाग होता. चार दिवस तो गुऱ्हाळावर चुलाणात चिपाडं सारत होता. आल्या आल्या त्यानं पैसे ऑफिसात भरले आणि माझ्याशेजारी येऊन बसला. नेहमीसारखा.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी आम्हाला निबंध घातला. 'शाळेतला एक प्रसंग', इंग्रजीतून, वीस ओळी. आता मला सांगा, वर्गातल्या चाळीस पोरांना दुसरा कुठला प्रसंग सुचणार? सगळ्यांनी पृथ्वीगोलावरच लिहिलं. मीही लिहिलं. न लिहिलं असतं तर उलट संशय आला असता!

वही परत आली तेव्हा एका वाक्याखाली लाल शाईची जाड रेघ होती आणि समासात तीन शब्द: 'डू नॉट प्रिव्हॅरिकेट.'

मला घाम फुटला. घाम फुटला तो अपराधी वाटलं म्हणून नव्हे, तर शब्दच कळेना म्हणून. माझ्या खिशातल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत पाहिलं. तिथं होतं: 'उडवाउडवीची उत्तरे देणे'. मी तर निबंध लिहिला होता. उत्तर कुठं दिलं होतं? मधल्या सुटीत वही घेऊन सरांकडे गेलो. ते स्टाफरूमच्या बाहेर लिंबाखाली उभे होते.

"सर, हे वाक्य व्याकरणात चुकलंय का?"

"व्याकरण एकदम चोख आहे," सर म्हणाले. "वाच बघू मोठ्यानं."

मी वाचलं. 'द ग्लोब वॉज ब्रोकन.' गोल मोडला गेला.

"आता त्याच्या आधीची वाच."

मी हेडसरांच्या खोलीत गेलो. मी दार उघडलं. मी व्हरांड्यातून आलो. आणि नंतरची? मी डस्टर घेतलं. मी फळा पुसला. मी पाणी प्यायलो.

"बघ गंमत," सर म्हणाले. "सगळीकडे तू आहेस. दार तू उघडलंस, फळा तू पुसलास, पाणी तू प्यायलास. मग हे एवढं एकच वाक्य असं का लाजतंय? इथला 'मी' कुठं गेला?"

आदल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवले होते. मी ते इतकं मन लावून शिकलो असेन असं त्यांना वाटलं नसावं, आणि मलाही नाही.

मी गप्प उभा राहिलो. मग त्यांनी मला आत नेलं. सरांकडे एक जाडजूड, कोपरे झिजलेली इंग्रजी डिक्शनरी होती. तिच्यात प्रत्येक शब्दाच्या शेजारी कंसात त्याचं कूळ दिलेलं असे: बाप लॅटिन, आजा ग्रीक, मामा फ्रेंच, असं. त्यांनी पान काढलं. "प्रिव्हॅरिकेट म्हणजे खोटं बोलणं नव्हे," ते म्हणाले. "खोटं बोलणारा सरळ सरळ खोटं बोलतो. हा तसं करत नाही. हा खऱ्याच्या अंगणात उभा राहतो, पण पाय तिरके टाकतो. आणि हे मी मनानं सांगत नाही हं, शब्दाच्या पोटातच ते आहे. लॅटिनमध्ये 'वारुस' म्हणजे वाकड्या पायांचा. त्यावरून 'वारिकारे' म्हणजे पाय पसरून फेंगडं चालणं. त्याच्या आधी 'प्रे' लावलं की झालं 'प्रेवारिकारी', सरळ वाट सोडून वाकडं चालणं. कळलं?"

आणि मग ते म्हणाले, "आपल्याकडे याला नरो वा कुंजरो वा म्हणतात."

ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. द्रोणाचार्य हातात धनुष्य असेपर्यंत आटोपत नव्हते. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला म्हणून आरडाओरडा केला. द्रोणांना खरं वाटेना. त्यांनी धर्मराजाला विचारलं, कारण हा कधी खोटं बोलत नाही. धर्मराजानं 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्यानं सांगितलं आणि 'हत्ती' हे इतक्या हळू पुटपुटलं की ते कुणाला ऐकूच गेलं नाही. महाभारतात म्हटलंय की तोवर धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. त्या क्षणी तो खाली टेकला. लहानपणी मला या शिक्षेचं हसू यायचं. चार बोटं म्हणजे किती ती! त्या दिवशी लिंबाखालून वर्गात जाताना हसू आलं नाही.

सरांनी मला शिक्षा केली नाही. हेडसरांकडेही नेलं नाही. "मला सांगून काय उपयोग? माझे पंचवीस रुपये गेलेले नाहीत," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या वह्या तपासायला लागले.

पुढे रविवार आला. आमच्या मळ्यातला शाळू निघाला होता. आजोबांनी रानाला पाणी दिलं होतं आणि जमीन वाफशावर आली होती. बैल जुंपले होते. मी बरेच दिवस मागे लागलो होतो म्हणून त्या दिवशी त्यांनी मला नांगर धरू दिला. लाकडी नांगर, दोन बैलांचा. मी मोठ्या ऐटीत ताठ उभा राहिलो, एका हातानं रुमणं धरलं, दुसऱ्या हातात कासरा घेतला आणि बैल हाकले. दहा पावलंसुद्धा गेलो नसेन. मागे वळून पाहतो तर तास सापासारखं नागमोडी! कुठं फाळ वर आलेला, कुठं नुसती माती खरवडलेली, कुठं शेजारच्या तासात घुसलेला.

आजोबा बांधावरून ओरडले, "आरं, मूठ दाब की! वाकून धर. ताठ उभा ऱ्हायलास तर नांगर मनाला येईल तिकडं जातूय. वाकल्याबिगर तास सरळ येत न्हाई, लेका. आन् बैलाच्या शेपटीकडं बघू नगंस, म्होरल्या आंब्याकडं बघ."

मी वाकलो. दोन्ही हातांनी रुमण्यावर भार टाकला. कंबर मोडायची वेळ आली, पण तास सरळ यायला लागलं. निदान आधीपेक्षा सरळ.

त्या संध्याकाळी मी जोडीदाराच्या घरी गेलो. वाटेत बोलायची वाक्यं जुळवत होतो. 'गोल माझ्यामुळे पडला.' नको. 'गोल माझ्या हातून निसटला.' हेही नको, यात गोलच निसटतोय! शेवटी दारातच म्हणालो, "गोल मी पाडला, आणि नाव मी तुझं घेतलं."

तो शेळीला पाला घालत होता. म्हणाला, "मला काय सांगतूस? मी तिथंच हुतो की."

एवढंच. मला वाटलं होतं तो चिडेल, भांडेल, निदान रडेल. मी रडायच्या बेतात होतो, आणि तो शेळीच्या तोंडातून दोरी सोडवत होता. मग जरा वेळानं म्हणाला, "माझ्या बाला सांग. त्याला वाटतंय मीच पाडला." ते काम मात्र फार अवघड गेलं. हेडसरांना सांगणं त्याच्या मानानं सोपं होतं. सोमवारी त्यांनी ऐकून घेतलं, त्याचे पैसे परत केले आणि माझ्याकडून घेतले. आमच्या दादांनी ते भरले, आणि मग पूर्ण सुटीभर मी त्यांच्याबरोबर पहाटे पाचला मोटेवर होतो. पण जोडीदाराचे चार दिवस कुणी परत करणार नव्हतं. परीक्षेत त्याला बीजगणितात चार गुण कमी पडले. त्या चार दिवसांत वर्गात बीजगणितच चाललं होतं.

आता पुढची गंमत. या गोष्टीनंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यात एका ग्रंथालयात मला प्लिनी नावाच्या रोमन लेखकाच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर मिळालं. हा प्लिनी मोठा विलक्षण माणूस. आरमाराचा प्रमुख, पण जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींची माहिती गोळा करायचा नाद. तारे, दगड, हत्ती, कांदे, औषधं, काही सोडलं नाही. त्यानं निसर्गाविषयी ३७ भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हा गलबतं घेऊन त्याच दिशेनं गेला, आणि तिथंच किनाऱ्यावर मेला.

तर या ग्रंथाचा अठरावा भाग शेतीचा आहे. त्यात नांगरटीचे नियम सांगताना प्लिनी म्हणतो की नांगऱ्या वाकला नाही तर त्याचा नांगर वाकडा जातो. आणि 'वाकडा जातो' यासाठी त्यानं कुठलं क्रियापद वापरलं असेल? प्रेवारिकारी! तेच आमच्या सरांचं. पुढे तो लिहितो की या गुन्ह्याचं नाव शेतातूनच न्यायालयात गेलं, तेव्हा निदान जिथं त्याचा जन्म झाला त्या शेतात तरी तो होऊ देऊ नये. मी ते वाचलं आणि खुर्चीत चक्क उठून बसलो. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा रोमन आरमारप्रमुख माझ्या आजोबांचंच वाक्य बोलत होता!

न्यायालयात हा शब्द कसा गेला, तेही ऐकण्यासारखं आहे. त्या काळच्या रोममध्ये सरकारी वकील नसे. कुणी गुन्हा केला तर कुठल्याही नागरिकानं उठून त्याच्यावर खटला भरायचा. आता समजा एखादा बडा गुन्हेगार आहे. त्यानं काय करावं? आपल्याच एखाद्या दोस्ताला सांगावं, तू माझ्यावर खटला भर, आणि मुद्दाम हर. दोस्त भर न्यायालयात मोठमोठ्यानं आरोप करतो, पण महत्त्वाचा साक्षीदार बोलवायला 'विसरतो', नेमका पुरावा घरी राहतो. दिसायला विरोधक, आतून सामील. एक पाय फिर्यादीच्या बाजूला, दुसरा आरोपीच्या बाजूला. पाय फाकले की नाही? अशा माणसाला रोमन लोक 'प्रेवारिकातोर' म्हणत.

इसवी सनापूर्वी ७० साली सिसिली बेटावर अशीच पाळी यायची होती. व्हेरेस नावाच्या सुभेदारानं त्या बेटाला तीन वर्षं लुटून खाल्लं होतं. सिसिलीच्या लोकांनी सिसरो नावाच्या तरुण वक्त्याला गाठलं. तर लगेच कॅसिलियस नावाचा दुसराच गृहस्थ पुढे आला: खटला मी चालवणार! हा कॅसिलियस कोण? तर त्याच व्हेरेसच्या हाताखाली सिसिलीत खजिना सांभाळलेला अधिकारी. त्यामुळे खटला राहिला बाजूला, आधी भांडण सुरू झालं ते खटला चालवायचा कुणी याचं. सिसरोनं भाषण केलं आणि हा कसला फिर्यादी, हा तर आरोपीच्याच सोयीचा माणूस, हे न्यायाधीशांच्या गळी उतरवलं. खटला सिसरोकडे आला. त्यानं पुरावे असे काही मांडले की निकालाची वाटही न पाहता व्हेरेस रोम सोडून मासिलियाला, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या मार्सेला, निघून गेला. कॅसिलियसच्या हाती ते प्रकरण गेलं असतं तर? सिसिलीच्या शेतकऱ्यांच्या बाजूनं भाषणं झाली असती, टाळ्याही पडल्या असत्या, आणि व्हेरेस घरी बसून द्राक्षं खात राहिला असता.

सिसरो या नावाचीही गंमत सांगतो. लॅटिनमध्ये हरभऱ्याला 'सिसेर' म्हणतात. त्याच्या कुणा पूर्वजाच्या नाकावर हरभऱ्यासारखी खाच होती म्हणून ते आडनाव पडलं, असं जुना चरित्रकार प्लूटार्क सांगतो. रोमन लोक आडनावं ठेवायला मोठे खट्याळ. आणि आपल्या शब्दाचा बाप जो 'वारुस', फेंगड्या, तेही तिथलं खानदानी आडनाव होतं बरं का! इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात ज्याच्या तीन पलटणी कापल्या गेल्या तो रोमन सेनापती वारुसच. हसू नका. आपल्याकडे काळे, गोरे, बोबडे, वाकडे अशी मंडळी आहेतच की, आणि त्यांतली कितीतरी दिसायला अगदी सरळ असतात.

शब्दाचं मूळ शोधताना भांडणंही होतात. उल्पियन नावाचा मोठा रोमन कायदेपंडित म्हणतो, प्रेवारिकातोर म्हणजे जणू फेंगडं चालणारा, जो आपल्या पक्षाचा घात करून समोरच्याला मदत करतो. पण त्याच ठिकाणी तो हेही नोंदवतो की लाबेओ या त्याच्याहून जुन्या पंडिताच्या मते हा शब्द 'वारिया', म्हणजे निरनिराळं, यावरून आला, कारण हा माणूस कधी या बाजूनं तर कधी त्या बाजूनं लढतो. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियननं रोमन कायद्याचं जे मोठं संकलन करवलं त्यात हे टिकून राहिलंय. आजच्या कोशकारांनी उल्पियनच्या बाजूनं कौल दिलाय. मीही उल्पियनच्या बाजूचा. लाबेओनं बहुधा कधी नांगर धरला नसावा!

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमाराला रुळला. आधी 'वाट सोडणे, नियम मोडणे' आणि कोर्टातली ती आतून हातमिळवणी असे अर्थ होते, मग ते मागे पडले आणि 'सरळ उत्तर न देता घुमवत राहणे' एवढा अर्थ उरला. केंब्रिज विद्यापीठात तर सतराव्या शतकात पदवीच्या समारंभात एका विनोदी वक्त्याला उभं करत, आणि त्याला 'प्रिव्हॅरिकेटर'च म्हणत. शब्दांच्या कोलांट्या मारून त्यानं लोकांना हसवायचं. स्पेनमध्ये मात्र याच शब्दाचं भावंड आजही कायद्याच्या पुस्तकात आहे आणि तिथं ते अजिबात विनोदी नाही. न्यायाधीशानं किंवा सरकारी अधिकाऱ्यानं जाणूनबुजून अन्यायाचा निर्णय दिला की त्या गुन्ह्याला तिथं 'प्रेबारिकासियोन' म्हणतात.

एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण यात मोठी माणसंही फसतात. 'प्रोक्रॅस्टिनेट' नावाचा दुसरा एक शब्द आहे, दिसायला याचाच चुलतभाऊ. पण त्याच्या पोटात 'क्रास' म्हणजे 'उद्या' बसलाय. आजचं काम उद्यावर ढकलणं म्हणजे प्रोक्रॅस्टिनेट. आपण मराठीत दोन्हींना टाळाटाळच म्हणतो. गृहपाठ उद्या करीन म्हणालात तर प्रोक्रॅस्टिनेट. "गृहपाठ झाला का?" असं आईनं विचारल्यावर "वही दप्तरात भरली" म्हणालात, तर ते आपलं प्रिव्हॅरिकेट.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो होतो तेव्हा जोडीदाराला ही सगळी कहाणी सांगितली. प्लिनी, व्हेरेस, नांगर, सगळं. त्याची आता स्वतःची चार एकर जमीन आहे. नांगरट ट्रॅक्टरनं होते आणि लाकडी नांगर गोठ्याच्या आढ्याला टांगलेला आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मनगटावरचा डाग अजून आहे, फिकट झालाय. म्हणाला, "म्हंजे त्या रोमवाल्यालाबी तुझा आजाच भेटला हुता म्हण की!" मग चहाचा कप ठेवून म्हणाला, "पर तू त्या दिवशी फळा लई झकास पुसला हुतास हं."

मागच्या महिन्यात माझी नात आली होती. तिसरीत आहे. दुपारी बाहेरच्या खोलीतून हाक आली, "आजोबा, तुमचा चष्मा तुटला."

मी काही बोललो नाही. नुसता दारात जाऊन उभा राहिलो. तिनं चष्म्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चष्म्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी त्याच्यावर बसले," ती म्हणाली. "पण तो खुर्चीवर कोणी ठेवला होता?"

"मी ठेवला होता," मी म्हणालो.